ध्रुव धूसर असेल तर

ताऱ्यांचे फोटो काढायचे, तर दुर्बिणीच्या मोटरवर फिरणाऱ्या बैठकीचा अक्ष खऱ्या ध्रुवबिंदूकडे (ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं) नेमका रोखावा लागतो. खूण म्हणून ध्रुवतारा धरतात. पण जळगाव-धुळ्याहून ध्रुवतारा जेमतेम २१ अंश उंचीवर. उन्हाळी धुरळ्यात तो मळकटच दिसतो. शिवाय खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे ४० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर. नुसता ध्रुवतारा मधोमध धरून लांब एक्स्पोजर दिलं, की तारे रेघोट्या होतात.

त्यापेक्षा ड्रिफ्ट पद्धत (तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष दुरुस्त करायची) बरी, वेळखाऊ असली तरी. मोटर चालू ठेवून मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्तालगतचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या वर्तुळालगतचा) तारा (हिवाळ्यात मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका झकास) रेटिकल आयपीसमध्ये (आत फुलीच्या रेघा असलेल्या नेत्रभिंगात) पाच मिनिटं बघा. दक्षिणेला सरकला, तर अक्ष पूर्वेकडे गेलाय, पश्चिमेला वळवा. नंतर पूर्व क्षितिजाकडचा तारा: तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. पूर्व-पश्चिम हेलकावे गिअरचे, तिकडे दुर्लक्ष करा.

काळ्या मातीत ट्रायपॉड खचतो आणि सगळी मेहनत वाया. पायांखाली फरशीचे तुकडे हवेतच.