पुणे ते शेंझेन: चिनी बॉसकडे पगारवाढ मागायला जाताना

सुट्टी संपवून या जानेवारीत पुण्याहून शेंझेनला परतलो, ते पगाराचा विषय काढायचाच असं पक्कं ठरवून. बाओआन भागातल्या एका खासगी मोल्ड (साचे बनवणाऱ्या) कंपनीत मी डिझाइनला आहे. करार थेट इथल्या कंपनीशी, पगार युआनमध्ये. भोसरी-चाकणच्या टूलरूममधली ओळखीची काही मुलं आता अशाच करारावर इकडे येतायत आणि विमानाच्या तिकिटाआधी विचारतात ते हेच, की चिनी बॉसकडे पगार वाढवून मागायचा कसा. म्हणून प्रवास आणि ते बोलणं दोन्ही लिहून ठेवतो.

प्रवासाचं थोडक्यात. 26 ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता–ग्वांगझोऊ थेट विमान पुन्हा सुरू झालंय, ग्वांगझोऊहून शेंझेनला वेगवान रेल्वे आहे. मुंबईहून निघणाऱ्याला मात्र मला अजूनही हाँगकाँगच बरं वाटतं. हाँगकाँग विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत लागू नका. ट्रान्सफरच्या भागातून स्कायपिअर या विमानतळावरच्याच बोटीच्या धक्क्याला जा, तिथून शेंझेनच्या शेकोऊ बंदराची बोट मिळते. बॅगेचा टॅग त्या काउंटरवर दाखवायचा, बॅग ते काढून बोटीवर चढवतात. हाँगकाँग शहरात उतरायचं असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. या बोटीने गेलात तर ती भानगड नाही. तिकीट मात्र हाताशी वेळ ठेवून काढा, शेवटच्या क्षणी बॅग चढत नाही.

जानेवारीच का निवडला, हे नीट समजून घ्या. यंदा चिनी नवं वर्ष 17 फेब्रुवारीला होतं. वर्षाचं मूल्यमापन डिसेंबर-जानेवारीत उरकतं आणि बोनस बहुतेक खासगी कंपन्या सणाच्या आधी देतात. बोनस हातात पडला की माणसं गावी जातात, आणि परतल्यावर मार्च-एप्रिलमध्ये नोकऱ्या बदलण्याचा हंगाम सुरू होतो. कोण टिकेल आणि कोण जाईल, याची चिंता बॉसला याच काळात असते. नव्या वर्षाचं पगाराचं बजेटही सणानंतर पक्कं होतं. तेव्हा विषय सणाआधी काढायचा आणि आकड्यावर सणानंतर यायचं. एप्रिल उलटल्यावर गेलात तर बॉसच्या मनात असूनही त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. पगार दरवर्षी वाढलाच पाहिजे असं इथला कायदा म्हणत नाही, त्यामुळे न विचारणाऱ्याचा तसाच राहू शकतो.

तयारीत मला सगळ्यात जास्त मदत झाली ती क्वालिटी विभागातल्या हुनानच्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंची. बॉसला देण्यासाठी वर्षभराच्या कामाचा मी लिहिलेला कच्चा कागद त्यांनी वाचला आणि दोन ओळी खोडायला लावल्या. एक होती रात्री उशिरापर्यंत थांबल्याची. इथे सगळेच थांबतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस हा प्रकार बेकायदा असल्याचं चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केलं, तरी कारखान्यातले दिवे लवकर मालवत नाहीत. दुसरी ओळ होती दुसऱ्या डिझायनरच्या पगाराशी तुलना करणारी. पगार गुप्त ठेवण्याची अट बहुतेक करारांत असते, शिवाय तुलना केली की बॉसने अन्याय केला असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. मग त्याला तुमचं म्हणणं सोडून स्वतःचा निर्णय राखत बसावं लागतं.

उरला एका पानाचा कागद, चिनी भाषेत. कोणत्या मोल्डची पहिलीच ट्रायल पास झाली, कुठे कूलिंगची रचना बदलल्याने सायकल टाइम (एक नग निघायला लागणारा वेळ) कमी झाला, पुण्याकडच्या कोणत्या ग्राहकाने दुसरी ऑर्डर दिली आणि येत्या वर्षात मी आणखी काय अंगावर घेईन. 'मला पैशांची गरज आहे' यातलं त्यात काही नव्हतं. घरचं कर्ज, मुलांची फी हे बॉसला सांगितलंत तर तो मनापासून हळहळेल, पण ते मालकापुढे मांडता येत नाही. बॉस म्हणजे विभागप्रमुख, तो एकटा निर्णय घेत नाही, त्याला वर जाऊन सांगावं लागतं. तुमचा कागद त्याला जसाच्या तसा वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअॅपसारखं अॅप) पुढे पाठवता आला पाहिजे. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीत आहे. इथे पगारवाढ त्या खोलीत जिंकता येत नाही. वर जाऊन बोलायला बॉसच्या हातात कारण द्यायचं असतं, आणि दिल्याचं श्रेय त्याचंच राहू द्यायचं असतं.

बाजारभाव मी 'बॉस झिपिन' या नोकरीच्या अॅपवर पाहिला. शहर, पद आणि अनुभव टाकला की पगाराची रेंज दिसते. स्वतःची माहिती भरणार असाल तर आधी आपल्या कंपनीला ब्लॉक करा, तशी सोय त्यात आहे.

भेट मागताना वीचॅटवर फक्त एवढंच लिहिलं, की वर्षभराच्या कामाबद्दल तुमचं मार्गदर्शन हवंय, सवडीने दहा मिनिटं द्याल का. सगळ्यांच्या ग्रुपवर नाही, मीटिंगमध्ये नाही, वरच्या मालकाला परस्पर तर मुळीच नाही. संबोधन आडनावाला 'झोंग' (आपल्याकडच्या 'साहेब'सारखं) जोडून करायचं, नुसत्या नावाने हाक मारायची नाही.

आमचे साहेब ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्वेकडच्या चाओशान भागातले. त्यांच्या केबिनमध्ये टेबलापेक्षा चहाचं मेज मोठं आहे: खाली पाणी निथळणारं लाकडी तबक, बाजूला खदखदणारी किटली, आणि आपल्या निरांजनाएवढ्या तीन पेल्या. फेंगहुआंग डोंगरावरचा दानचोंग चहा त्यांनी झाकणाच्या वाटीत भरला, पहिलं पाणी ओतून टाकलं आणि दुसऱ्या पाण्याचा चहा तिन्ही पेल्यांवरून गोल फिरवत ओतला, म्हणजे सगळीकडे सारखाच कडक. ते ओतत असताना दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करायची, हे आभार. या वेळात कामाचं बोलायचं नाही. त्यांनी आईवडिलांची चौकशी केली, पुण्यात थंडी किती असते ते विचारलं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर तेच म्हणाले, "बोल, वर्ष कसं गेलं?"

मी आधी विचारलं, "माझं काम कुठे कमी पडलं?" त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या वहीत लिहून घेतल्या. मग कागद पुढे केला आणि म्हटलं, "येत्या वर्षात मला मोठी जबाबदारी हवी आहे. त्या मानाने पगाराचाही विचार व्हावा अशी विनंती आहे." आकडा काढला नाही. "तुझी अपेक्षा किती?" हे त्यांनीच विचारलं, तेव्हा सांगितला, थोडी घासाघीस होईल एवढी जागा ठेवून. ते म्हणाले, "बघतो, वर बोलतो." आणि पुन्हा पेली भरली. तिथे थांबायचं. 'कधीपर्यंत कळेल?' असा रेटा लावू नका. दुसरीकडून ऑफर आल्याचं तर खरोखर जायची तयारी असल्याशिवाय सांगू नका. इथे ते धमकीसारखं ऐकलं जातं, आणि पगार वाढला तरी हा जाणार माणूस ही नोंद मनात राहते.

नंतर वार्षिक जेवण झालं, गोल टेबलं, सोडत, गाणी. टोस्टला साहेबांकडे गेलो तेव्हा माझा ग्लास त्यांच्या ग्लासपेक्षा खाली धरून आभार मानले, पगाराचं अवाक्षर काढलं नाही. सुट्टीत नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या. 3 मार्चचा कंदील सण (नव्या वर्षाच्या सणाची सांगता) झाल्यानंतर त्यांनी स्वतःहून बोलावलं. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण बरंच मिळालं.

आता आकडा ऐकून हुरळण्याआधी काय तपासायचं ते. इथे पगार महिन्याचा, करापूर्वीचा बोलतात, आणि वर्षाला बारा, तेरा की चौदा महिन्यांचा पगार मिळणार हे वेगळं ठरतं. महिन्याच्या पगारात मूळ पगार आणि कामगिरीवरचा भाग असे तुकडे असतात. ओव्हरटाइमचा दर कायद्याने साध्या दिवशी दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट आणि सणाच्या सरकारी सुट्टीला तिप्पट आहे, पण बऱ्याच कंपन्या तो मूळ पगारावर मोजतात. वाढ सगळी कामगिरीच्या खात्यात टाकली असेल तर पुढच्या वर्षी ती तितकीच मिळेल असं नाही. मी मूळ पगारात टाकण्याची विनंती केली, अर्धी मान्य झाली.

परदेशी कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, तिचा फायदा जरूर घ्या. घरभाडं, मायदेशी जाण्याचा खर्च, भाषेचे वर्ग, मुलांचं शिक्षण यांची भरपाई बिलावर घेतली तर वाजवी मर्यादेत आयकर लागत नाही. ही सवलत 2027 च्या अखेरपर्यंत आहे. बिल म्हणजे अधिकृत फापियाओच (करखात्याला मान्य असलेली पावती) हवं, आणि ते द्यायला घरमालक तयार आहे का हे घर घेतानाच विचारा. कंपनीला पगार वाढवण्यापेक्षा भाडं देणं सोपं जातं, कारण त्यावर सामाजिक विम्याचा बोजा सहसा पडत नाही. माझ्या वाढीतला मोठा हिस्सा असाच आला. मात्र विम्यात तुमच्या पगारातून पेन्शनसाठी जाणारे 8 टक्के तुमच्या वैयक्तिक खात्यात जमतात आणि कायमचं देश सोडताना अर्ज करून काढता येतात, म्हणून विमा कोणत्या रकमेवर भरला जातो तेही पाहा.

सरकारी कंपनीत असाल तर यातलं निम्मं लागू नाही, तिथे श्रेणीनुसार पगार ठरतो. युरोपीय किंवा अमेरिकन कंपनीच्या चिनी शाखेत एचआरशी थेट बोललेलं चालतं.

शेवटी कागद. वीचॅटवरचा होकार पुरेसा समजू नका. करारातला बदल लेखी हवा, दोघांच्या सहीचा, वर कंपनीचा लाल गोल शिक्का. इंग्रजी आणि चिनी मजकूर वेगळा निघाला तर चिनी ग्राह्य धरला जातो, तेव्हा आकड्याची ओळ चिनीत वाचून घ्या. तुमची एक प्रत मूळ शिक्क्याची घ्या, झेरॉक्स नको. परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यासाठी गुण मोजतात, त्यात पगारही धरला जातो, परवान्याच्या 'ब' वर्गाला 60 गुण लागतात आणि 'अ' ला 85. नूतनीकरणाच्या वेळी करारातला पगार आणि भरलेला कर जुळतो का हेही पाहिलं जातं, म्हणून नव्या पगाराची पहिली स्लिप आली की ती कराच्या अॅपवरच्या नोंदीशी त्याच महिन्यात ताडून घ्या.