दुधाच्या पिशव्यांचं आसन

आमच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स मोकळ्या अशा कधी दिसल्याच नाहीत. ओट्यामागच्या भिंतीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिकटवलेल्या असायच्या. वाळल्या की एकेक करून पालीसारख्या टपकायच्या. दूध ओतताना आई पिशवीचा कोपरा तोडून टाकत नसे, नुसती चीर द्यायची. "तो तुकडा मोरीत जातो नि मोरी तुंबते," एवढंच तिचं पर्यावरणशास्त्र.

पुढचं काम दुपारी. पिशवीचा तळ आणि तोंड कापायचं, उरलेल्या नळीला तिरकी कात्री लावून गोल गोल फिरवत न्यायची, की एका पिशवीची एकच लांब पट्टी निघते. पट्टीला पट्टी गाठवून गुंडा करायचा आणि मग क्रोशाची सुई. रोजच्या दोन पिशव्या, त्यामुळे वर्षाकाठी एखादं आसन व्हायचं. कडेला छपाईचा निळा, मधे पांढरा. एकदा दूधवाल्यांनी पिशवीचा निळा बदलून हिरवा केला आणि अर्ध्यावर आलेल्या आसनाची नक्षी बिघडली. आई दोन दिवस गप्प होती.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा रिकामी दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार, अशी बातमी होती. मी हिशेब करून सांगितलं, एका आसनाचे तीन-साडेतीनशे रुपये होतात. आईनं हिशेब ऐकला आणि पिशव्या भिंतीलाच लावल्या.

चंदीगडला नेकचंद नावाच्या सरकारी नोकरानं फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे असलं काहीबाही वापरून गुपचूप आख्खी बाग उभारली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिचे फोटो मी आईला दाखवले. तिनं एकच विचारलं, "एवढ्या बांगड्या फुटल्या तरी कुणाच्या?" ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लास्टिकचे हत्तीएवढे मासे करतात, तेही दाखवले. ते मात्र तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिले.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर माळ्यापर्यंत बुडालं. परतलो तेव्हा गाद्या कुजलेल्या, लग्नाचा अल्बम म्हणजे एक लगदा, धान्याला कोंब. आणि आसनं? तिन्ही सापडली. चिखलानं माखलेली. नळाखाली धरली, झटकली, दोरीवर टाकली. संध्याकाळी त्यांवर बसून आम्ही कुणीतरी आणून दिलेली खिचडी खाल्ली. जे कुजत नाही म्हणून आपण बोटं मोडतो, तेच तेवढं त्या घरात शाबूत होतं. काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर घाटाकडे गेलो, तर नदीकाठच्या बाभळींना फांद्याफांद्यांवर पिशव्या लटकलेल्या. काळ्या, पिवळ्या, भडंगाच्या, खताच्या. पूर कुठवर आला होता हे सांगायला पुलावरच्या आकड्यांची गरजच नव्हती. मान वर करून बघावं लागत होतं. माझ्या हातात मोबाइल होता, पण फोटो काढवेना.

आई बराच वेळ वर बघत उभी होती. मला वाटलं, रडते की काय. तर म्हणाली, "त्या पिवळ्या जरा जाड दिसतायत. काठी आण बघू."