अठ्ठावन्न दिवस आणि एक निळा शिक्का

२ नोव्हेंबर २०२१ला अमेरिकेने जाहीर केलं, की १ जानेवारी २०२२पासून इथिओपिया ‘अगोआ’च्या यादीत नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इथिओपियातल्या हवासाच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कपडे शिवायच्या शेडमधली मशिनं नेहमीसारखीच चालू होती. शिपिंगच्या टेबलावर मात्र कॅलेंडर उघडून बसलो होतो. हातात अठ्ठावन्न दिवस होते आणि दोन ऑर्डरी अर्धवट होत्या.

अगोआ म्हणजे आफ्रिकी देशांच्या मालाला अमेरिकेत बिनड्युटी प्रवेश देणारा २०००चा कायदा. कपड्यांसाठी त्यातला मूळ नियम कडक आहे: कापड आणि सूतही अमेरिकेचं किंवा लाभार्थी आफ्रिकी देशांचं हवं. पण कमी विकसित देशांना सूट आहे. कापड कुठलंही चालतं, कपडा मात्र त्या देशांतच जोडलेला हवा. आमचा सगळा कारभार या सवलतीवर उभा होता. ट्विल (पँटचं सुती कापड) आणि फ्लीस (मऊ, लवदार कापड) दोन्ही चीनमधून येत होतं, कारण गिरणी बायरने ठरवलेली होती. आम्ही कापत होतो आणि शिवत होतो, एवढंच.

ड्युटी गेली तर किती फरक पडतो? पहिली ऑर्डर पुरुषांच्या सुती पँटची, ४१,१५० नग, एफओबी जिबुती, म्हणजे जिबुती बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, ६.४० डॉलर. या मालावर अमेरिकेची नेहमीची ड्युटी १६.६ टक्के, म्हणजे नगामागे १.०६ डॉलर. आमच्या कॉस्टिंगमध्ये कटिंग ते पॅकिंगपर्यंतची मजुरी १.१५ डॉलर होती. ड्युटी आयातदार भरतो हे खरं, पण बायर ती पुढच्या भावातून कापून घेतो आणि मग कारखान्याची जवळजवळ सगळी मजुरीच त्यात जाते. दुसरी ऑर्डर पॉलिस्टर फ्लीसच्या पुलओव्हरची. तिथे ड्युटी ३२ टक्के. ७.५० डॉलरच्या नगावर २.४० डॉलर.

पहिला गोंधळ तारखेचा. सगळे म्हणत होते, ‘माल ३१ डिसेंबरच्या आत निघाला की झालं.’ नाही. बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, तारीख इथे उपयोगाची नाही. माल अमेरिकेत वापरासाठी ‘एंटर’ झाला पाहिजे, म्हणजे कस्टम्सकडे त्याची एंट्री झाली पाहिजे. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं असेल, तर कस्टम्स ब्रोकरने कागद आधी भरून ठेवले तरी एंट्री मोजली जात नाही, कारण त्यासाठी माल बंदराच्या हद्दीत यावा लागतो. बायरच्या लॉजिस्टिक्सने पँटचा माल लॉस एंजेलिसला लावला होता, जिथे त्या महिन्यात जहाजांची रांग लागली होती. शिवाय तिथे तो बाँडेड गोदामात, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवता येतो तिथे, ठेवून फेब्रुवारीत थोडा थोडा काढायचा बेत होता. बाँडमधून वापरासाठी काढल्याचा दिवसच धरला जातो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेल्या प्रत्येक पँटवर पूर्ण ड्युटी लागली असती. दुपारपर्यंत फोनवर बायरला दोनच गोष्टी सांगत होतो: बंदर न्यूयॉर्क करा आणि गोदामात टाकायच्या आधी वापरासाठीची एंट्री करून घ्या.

तारखा उलट मोजल्या. जिबुतीहून न्यूयॉर्क, वाटेत एकदा जहाज बदलून, तीस-पस्तीस दिवस धरले. म्हणजे २० नोव्हेंबरच्या आत जहाजावर चढलं पाहिजे. त्याआधी ट्रकचे चार-पाच दिवस आणि जिबुतीच्या गेटची मुदत. पँटचं फिनिशिंग ९ तारखेला संपवणं शक्य होतं, दोन लाइन फ्लीसवरून उचलून पँटवर टाकल्या तर.

त्यामुळे फ्लीसचे ११,५२० नग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर गेले. ते समुद्रमार्गे वेळेत पोचणं अशक्य. विमानाचा दर आला किलोला ४.८० डॉलर. ऑर्डरी सांभाळणाऱ्या मर्चंडायझरने झटकन हिशेब केला: कार्टनसकट नगाचं वजन ३८० ग्रॅम, भाडं १.८२, ड्युटी २.४०, म्हणजे पाठवून द्या. फ्लीस कधी विमानाने पाठवलं नसेल तर असाच हिशेब होतो. विमानात हलक्या, फुगीर मालाचं भाडं आकारमानावर लागतं. कार्टन ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ९६,००० घन सेंटिमीटर. त्याला ६,००० ने भागलं की सोळा किलो. बायरच्या नियमाप्रमाणे एका कार्टनमध्ये २४ नग. खरं वजन नऊ किलोच्या आसपास, भाडं सोळा किलोचं. नगामागे ३.२० डॉलर. ड्युटी भरलेली परवडली.

मग नमुन्याला चाळीस नग दाबून बसवून पाहिले. बसले. वजन पंधरा किलोच्या वर गेलं, भाडं तरी सोळाचंच, नगामागे १.९२ वर आलं. एकूण २८८ कार्टन, भाडं सुमारे २२,१०० डॉलर. ड्युटी भरावी लागली असती २७,६४८. फायदा मोठा नाही, पण आहे, आणि जहाजाचं भाडंही वाचलं. दाबल्याने फ्लीसची लव बसते आणि गळ्याच्या झिपचा वळ समोरच्या नगावर उमटतो, म्हणून झिपवर टिश्यू घातला आणि एकाआड एक नग उलटा रचला. बायरच्या क्वालिटीने दोन कार्टन बहात्तर तास बंद ठेवून उघडले आणि मग होकार दिला.

संध्याकाळी कागद. कपड्यांसाठी अगोआचा व्हिसा लागतो. मूळ कमर्शियल इनव्हॉइसच्या दर्शनी बाजूला गोल शिक्का, तोही निळ्या शाईत. प्रतीवर मारलेला चालत नाही. व्हिसाच्या नंबरात पहिला अंक गटाचा (कापड कुठलं त्यावरून ठरणाऱ्या), मग देशाची दोन अक्षरं, मग सहा आकडे. परक्या कापडाचा गट पाच, म्हणून आमचा नंबर ‘५ईटी’ने सुरू व्हायचा. चार लिहिलं, तर प्रादेशिक कापड वापरल्याचा दावा होतो आणि तो खोटा ठरतो. हा अंक आणि टेक्सटाइल सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनमधला, म्हणजे माल कुठला त्याच्या दाखल्यातला, गट जुळलेच पाहिजेत.

आमच्या शिपिंगच्या टेबलावरच्या मुलाने पँटच्या व्हिसाच्या अर्जात परिमाण लिहिलं होतं ३,४२९.१७ डझन. व्हिसावर अपूर्णांक स्वीकारत नाहीत. एरवी परत आलं असतं, दुरुस्त झालं असतं, आठवडा गेला असता. या वेळी आठवडा नव्हता. शेवटच्या कार्टनमधून दोन पँट काढल्या, ४१,१४८ नग, बरोबर ३,४२९ डझन. पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, सर्टिफिकेट, तिन्ही पुन्हा छापले. फ्लीसचं आधी एकच इनव्हॉइस होतं, पंधरवड्यापूर्वी जहाजाने गेलेल्या मालासकट. विमानाच्या ९६० डझनांसाठी वेगळं इनव्हॉइस आणि वेगळा व्हिसा घेतला. एका शिक्क्यावर दोन खेपा जात नाहीत.

पँटचा कंटेनर न्यूयॉर्कला २७ डिसेंबरला लागला, नाताळच्या सुट्टीत. एंट्री २९ला झाली. सुमारे ४३,७०० डॉलरची ड्युटी दोन दिवसांच्या फरकाने वाचली. फ्लीस त्याआधीच पोचलं होतं.

राहिलं ते फेब्रुवारीच्या ऑर्डरीचं ट्विल. ते इथिओपियात ड्युटी न भरता, बाँडमध्ये आलेलं, त्यामुळे स्थानिक बाजारात तसंच विकता येत नव्हतं. इथिओपिया अल्पविकसित देशांत मोडतो, म्हणून युरोपात हाच कपडा बिनड्युटी गेला असता. तिथेही कापड कुठलंही चालतं. पण बायरला तो माल अमेरिकेच्याच दुकानांत हवा होता, मापं आणि लेबलं तिथली. जानेवारीत ताके न कापता, गिरणीची लेबलं तशीच ठेवून, अगोआच्या यादीत असलेल्या केनियातल्या एका कारखान्याकडे रवाना केले. पॅटर्न मेलने गेला. त्या पँटच्या व्हिसाचा नंबर ‘५केई’ने सुरू झाला.