टीएचआरसाठी माझा चेहरा कसा जुळला

आधार केंद्राचा तो जिना आठवला की अजून डोकं तडकतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आम्ही तुर्भ्याला राहतो. 2025 च्या जुलैत लेक 14 महिन्यांची होती, वजन 7.1 किलो, म्हणजे अंगणवाडीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, वयाच्या मानाने कमी. नोंदणी, दर महिन्याचं वजन, लशी यांत कधी काही अडलं नाही. सेविकाताई दारात येऊन हाक मारतात. 1 जुलै 2025 पासून मात्र केंद्र सरकारचा नियम लागू झाला: 3 वर्षांच्या आतल्या मुलांची टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं हवी असतील तर अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चेहरा आधारवरच्या फोटोशी जुळला पाहिजे. चेहरा बाळाचा नव्हे, आईचा. नणंदेचा 4 वर्षांचा पोरगा अंगणवाडीत रोज गरम खिचडी खाऊन येतो, त्याच्या आईला कुणी चेहरा विचारत नाही.

चेहऱ्याच्या आधी केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. माझं आधार 2012 मध्ये जालन्याला काढलं, मी नववीत होते, नंबर आबांचा. ते सिम रिचार्ज नाही म्हणून कधीच बंद पडलेलं. तरी मी फोन लावला आणि चक्क उचलला गेला! नंबर आता कोल्हापूरच्या कुणा माणसाकडे. म्हटलं, "दादा, तुम्हाला एक ओटीपी आला असेल, माझ्या लेकीच्या खाऊचा आहे." तो म्हणाला, "ताई, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," आणि ठेवला. चूक त्याची नव्हतीच.

आता आधार केंद्र. सकाळी 7 ला रांग, मोजकी टोकनं, जिन्यात लेकीला कडेवर घेऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी माझ्या पुढच्या बाईवर टोकनं संपली. दुसऱ्या दिवशी नंबर लागला, तर बोटं उमटेनात. मी घरी लसूण सोलायचं काम घेते, मार्केटमधून गोणी येते, सोलून परत द्यायची. अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी सोललेली, वास तर जातच नाही. ऑपरेटरने चार वेळा बोट काचेवर दाबलं, ओल्या फडक्याने पुसलं, परत दाबलं. मग म्हणाला, "बोटांवर काहीच नाही तुमच्या. आठ दिवसांनी या." आणि पुढचं टोकन पुकारलं. डोळ्यांच्या बुबुळांवरूनही ओळख पटवता येते, ते मशीन त्याच्याच टेबलावर होतं, हे मला नंतर कळलं. तुमच्यावर वेळ आली तर तोंड उघडून मागा, आपणहून कुणी सांगत नाही.

आठ दिवस लसूण बंद, म्हणजे आठ दिवसांची मजुरी बंद. रात्री खोबरेल लावून झोपायचे. तिसऱ्या खेपेला बोट उमटलं, 50 रुपये भरले, आठवड्यात नंबर जोडला गेला. (1 ऑक्टोबर 2025 पासून त्याचे 75 झालेत. कागद एकही लागत नाही, नुसतं आधार न्यायचं.)

ओटीपी आला तेव्हा मी अंगणवाडीत नाचायचीच बाकी होते. मग ताईंनी मोबाइल समोर धरला, "डोळे मिचकाव." मिचकावले. जुळत नाही. ट्यूबलाइटखाली, दाराबाहेर, टिकली काढून, केस मागे घेऊन. नाही. आधारवर दोन वेण्या घातलेली नववीतली मुलगी, आणि समोर मी. सासूबाई म्हणाल्या, "आम्हीसुद्धा ओळखलं नसतं गं." त्या दिवशी मला हसू आलं नाही.

म्हणजे पुन्हा तोच जिना, आता फोटोसाठी, तेव्हाचे 100 रुपये. आणि तिथे समजलं की फोटो-बोटं नवीन करताना नंबरही त्याच पैशांत बदलून मिळतो! माझे 50 रुपये आणि तीन सकाळी वाया. तुमचा फोटो शाळेतला असेल तर दोन्ही एकदमच करून घ्या. नुसता नंबरच बदलायचा असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊन बदलून देतात, रांगेची गरजच नाही. कोणता नंबर जोडलाय ते आधारच्या साइटवर आधीच तपासता येतं. बाळाचं आधार नसेल तर घाबरू नका, आईच्या आधारवर पाकीट मिळतं. बाळाचंही आधार सक्तीचं आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

सप्टेंबरच्या शेवटी चेहरा जुळला. ताईंनीच "झालं गं बाई!" म्हणून टाळी वाजवली. त्यांचा राग कधीच नव्हता, फोन अडकला तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. मी विचारलं, "जुलै-ऑगस्टची पाकिटं?" त्या म्हणाल्या, "ती गेली." अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांच्या आहाराचा हक्क लिहिलाय, आणि तो आहार मिळाला नाही तर राज्य सरकारने भत्ता द्यायचा, हेही लिहिलंय. मी ते वाचून गेले होते. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "अर्ज द्या, वर पाठवते." 2017 च्या दराने एका मुलामागे दिवसाला 8 रुपये धरलेत, म्हणजे दोन महिन्यांचे चार-पाचशे होतील. अर्ज दिलाय. पोच मागून घेतली, शिक्क्यासकट.

लेक आता 8.2 किलो. पाकिटातल्या पिठाचा शिरा करते, थोडं तूप आणि गूळ घालून. नुसतं पाण्यात शिजवलं तर थुंकून टाकते. दर महिन्याला डोळे मिचकवायचे असतातच. लसणाची गोणी आली की आता मी आधी हातमोजे घालते.