तनोटच्या रस्त्यावर: वाळू, तोफगोळे आणि माळढोक

जोधपूर ते जैसलमेर साधारण 280 किलोमीटर. सरळसोट, गुळगुळीत रस्ता. पोकरणला चहा घेऊनही पाच तासांत पोचलो. खरं वाळवंट त्याच्या पुढे आहे.

आम्ही डिसेंबरात गेलो. पहाटे कानटोपी लागायची, दुपारी शर्ट पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर उन्हाळ्यात मुळीच जाऊ नका.

जैसलमेरहून पाकिस्तान सीमेजवळचं तनोट सुमारे 120 किलोमीटर. अर्ध्या वाटेवरच्या रामगडपर्यंत पवनचक्क्या सोबत करतात. टाकी तिथेच काठोकाठ भरा, पाणी घ्या, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पुढे रेंजचा भरवसा नाही. ओळखपत्रंही हाताशी असू द्या.

रामगडनंतर वाऱ्याने वाळूच्या लाटा थेट डांबरावर आणून टाकलेल्या असतात. वेग आधीच कमी करा, वाळूवर करकचून ब्रेक मारू नका. फोटोसाठी मी गाडी कडेला घेतली आणि पुढचं चाक रुतलं. घाबरून रेस देत राहिलो, तसं ते आणखी खोल गेलं. मेंढ्यांमागून आलेल्या एका आजोबांनी हातानेच ‘थांब’ म्हणून खूण केली. त्यांनी चाकापुढची वाळू उकरायला लावली, खीपाच्या झुडपाच्या काड्या खाली पसरल्या, टायरमधली हवा थोडी सोडायला सांगितली. मग पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू, गाडी बाहेर आली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पाण्याची बाटली मात्र घेतली. गाडीवर चालणारा हवेचा छोटा पंप न्याच, सोडलेली हवा पुन्हा भरावी लागते. थांबायचं ते डांबरावरच, लांबून दिसेल अशा जागी.

तनोटमातेच्या देवळात 1965 च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे मांडलेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे, आरतीही जवानच करतात. गणवेशातले हात टाळ वाजवताना पाहिले आणि मला भरून आलं.

तिथून लोंगेवाला चाळीसेक किलोमीटर. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि सुमारे 120 जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला इथे रोखून धरला. आपल्या हवाई दलाची हंटर विमानं रात्री हल्ला करू शकत नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत जवानांना तग धरायचा होता. त्या उघड्या टेकाडावर उभं राहिल्याशिवाय ती रात्र किती लांब असेल हे कळत नाही. इथे घाई करू नका. परतताना मात्र अंधाराआधी रामगड गाठा. संध्याकाळी उंट आणि गाई रस्त्यातच उभ्या असतात.

दुसऱ्या दिवशी समच्या बाजूला, डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीला गेलो. आम्ही सोलापूरचे. नान्नजचं माळढोक अभयारण्य घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे माळढोक मला कधी दिसला नाही. इथे त्याला गोडावण म्हणतात. सकाळी आठच्या सुमारास सेवणाच्या गवतातून दोन पक्षी मान उंच करून चालत गेले. या जड पक्ष्याला समोरच्या वीजतारा वेळेत दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. आदल्या दिवशी तारांची रांग मैलोनमैल पाहिली होती, म्हणून जीव फार कळवळला. जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच काढा, दुर्बीण न्या आणि गाडीतून उतरू नका.