वापरलेल्या सुया कुठे द्यायच्या? कोपरखैरण्यातला माझा अनुभव

आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डोस, जेवणाची वेळ, साखर एकदम उतरली तर काय द्यायचं, हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. वापरलेल्या सुईचा विषय तेवढा निघाला नाही. आईला दिवसातून चार वेळा इन्सुलिन लागतं. दरवेळी इन्सुलिन टोचायच्या पेनला नवी सुई, शिवाय साखर तपासायच्या लॅन्सेट. म्हणजे आमच्या एकट्या घरातून महिन्याला शंभरावर टोकदार वस्तू बाहेर पडतात. अशी घरं आमच्याच बिल्डिंगमध्ये कितीतरी आहेत.

बिल्डिंगचा कचरा एक मावशी गोळा करतात. लोकांनी ओलं-सुकं एकत्र टाकलं की त्या हातानेच निवडतात. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी पिशवीत सुटी टाकलेली सुई त्यांच्या तळहातात घुसली. कुणाच्या घरातली, ते कधीच कळलं नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सताईंनी त्यांना ताबडतोब नळाखाली साबणाने हात धुवायला लावलं, जखम दाबून रक्त काढू दिलं नाही आणि तशाच रिक्षात बसवून सरकारी रुग्णालयात नेलं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात, हे मला त्या दिवशी समजलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. मावशींचे रिपोर्ट पुढे चांगले आले. पण तोवर रोज कामावर येणारी ही बाई घरी नातवाला जवळ घ्यायला घाबरत होती. हे मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर आमच्या घरच्या सुया नेमक्या कुठे जातात, याचा मी छडा लावायचं ठरवलं.

सुरुवात मेडिकलवाल्यापासून केली. जिथून सुया विकत घेतो तिथेच परत देता याव्यात, असं मला वाटत होतं. ‘मॅडम, आम्ही विकतो, परत घ्यायची सोय नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. एका लॅबमध्ये विचारलं, तर बाहेरचा कचरा घेत नाही म्हणाले. घंटागाडीवरचा मुलगा मात्र समजूतदार निघाला. ‘पिशवीत टाकू नका ताई, बाटलीत भरून माझ्या हातात द्या,’ असं त्यानेच सांगितलं.

मग नियम वाचायला बसले. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज ‘घरगुती घातक कचरा’ या प्रकारात येत होत्या. त्या ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलंय की घरी उपचार करताना निघणारा असा कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे द्यायचा, आणि पुढे तो प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचवण्यासाठी पालिकेने त्या केंद्राशी करार करायचा. हे वाचून मला फार बळ आलं. आपण कुणाकडे उपकार मागत नाही, हे कळलं की माणूस ठामपणे बोलू लागतो.

आता बाटलीबद्दल, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. पाण्याची बाटली चालत नाही. ती पातळ असते, दाबली की सुई आरपार येते, आणि स्वच्छ दिसली की भंगारात जाते. काचेची फुटते. मी कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड, अपारदर्शक, फिरकीच्या झाकणाची बाटली वापरते. टोचून झालं की सुईचं बाहेरचं मोठं टोपण तेवढं लावायचं, त्यात धरून सुई पेनवरून फिरवून काढायची आणि टोपणासकट बाटलीत सोडायची. आतलं बारीक टोपण परत बसवायला जाऊ नये, बोटाला टोचतं ते तेव्हाच. सिरिंज असेल तर सुई वाकवायचीही नाही आणि मोडायचीही नाही, अख्खी टाकायची. बाटली पाऊण भरली की थांबायचं. वरपर्यंत ठासली तर शेवटची सुई आत ढकलताना हातात येते. मग झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टीचे वेढे आणि मार्करने ठळक अक्षरात: ‘वापरलेल्या सुया. उघडू नका. भंगारात देऊ नका.’ मराठीत आणि हिंदीत.

बाटली शेवटी कुठे द्यायची, हे आईच्या डायबेटीस क्लिनिकमध्ये सुटलं. प्रत्येक दवाखान्याला आपला असा कचरा अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे द्यावाच लागतो आणि त्या पिशव्यांना, डब्यांना बारकोड लावावा लागतो. तिथल्या सिस्टरनी मला त्यांचा सुयांसाठीचा पांढरा, अर्धपारदर्शक डबा दाखवला. गाडी येऊन तो तळोज्याला नेते. तिथे सुया वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात आणि मग त्यांचे तुकडे करतात, म्हणजे पुन्हा कुणी वापरायची सोयच उरत नाही. डॉक्टरांशी बोलून सिस्टर म्हणाल्या, ‘आमच्या पेशंटच्या आम्ही घेऊ, पण बंद बाटलीतच आणा. सुट्या सुया आणल्या तर परत पाठवेन.’ योग्यच अट आहे. आईच्या फॉलोअपला जाताना आता फाइलबरोबर बाटलीही निघते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला तेव्हा कुणी वाद घातला नाही, याचं मला फार बरं वाटलं. अडचण एवढीच होती की आपल्याला मधुमेह आहे हे चारचौघांत सांगायला काही जण तयार नव्हते. म्हणून यादी केली नाही. ज्यांना हवी त्यांनी नर्सताईंकडून रिकामी बाटली न्यायची आणि भरली की आपापल्या दवाखान्यात द्यायची. जिथे दवाखाना घेत नाही, तिथे घंटागाडीवाल्याच्या हातात, काय आहे ते सांगून. मावशींना सोसायटीने जाड हातमोजे घेऊन दिले आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे राहिलेले डोस पूर्ण करून दिले. सेक्टरमध्ये सुयांसाठी कायमचं जमा केंद्र असावं, असा अर्ज आम्ही सह्यांनिशी पालिकेकडे दिला आहे. त्यात जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमातला तो परिच्छेद जसाच्या तसा उतरवलाय. तुमच्या भागात असा अर्ज करायचा असेल तर तोही परिच्छेद जोडा.