तुम्ही विचारलंत म्हणून: गोम दिसली की मारत का नाही?

आमचं गुहागर तालुक्यात छोटं होमस्टे आहे, तीन खोल्या, चिऱ्याचं जुनं घर, मागे पोफळी आणि नारळ. पावसाळ्यात येणाऱ्या निम्म्या लोकांचा तरी एक प्रश्न ठरलेला असतो, ताई रूममध्ये गोम निघते का हो? आणि मी ती बरणीत धरून बाहेर सोडताना कोणी बघितलं की लगेच दुसरा, अहो मारली का नाहीत? आता तर बुकिंगच्या आधी फोनवरच विचारतात. दरवेळी स्वयंपाक सोडून काहीतरी अर्धवट सांगते म्हणून एकदा नीट लिहितेय.

तर हो, निघते. खोटं कशाला सांगू. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की जमिनीत पाणी भरतं, बिळं बुडतात, मग ती वर येते आणि चिऱ्याच्या भेगेतून, दाराच्या फटीतून, मोरीच्या पाइपातून आत शिरते. मोरीतच का दिसते त्याचं कारण आहे. गोमेच्या कातडीवर झुरळासारखा मेणाचा थर नसतो, कोरड्या हवेत तिच्या अंगातलं पाणी लवकर उडून जातं, म्हणून तिला कायम ओल लागते. आणि मोरीत रात्री झुरळं असतात, ती तर तिचं जेवणच. आम्ही पेस्ट कंट्रोल करून बघितलं, गोमी तेवढ्यापुरत्या कमी झाल्या, पण खरा फरक पडला तो मोरीला बारीक जाळी लावल्यावर, भिंतीलगतचा पाचोळा आणि नारळाची सोडणं लांब हलवल्यावर आणि रात्री ओला टॉवेल खाली टाकायचा नाही हे सगळ्यांना बजावल्यावर.

आता भीती वाटत नाही का? वाटते हो. मी गोमेवर प्रेमबिम करत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी चुलीसाठी सोडणं काढायला हात घातला आणि अंगठ्याला चावली. मोठी होती, सासूबाई त्या मोठीला घोण म्हणतात, तपकिरी अंग, पाय पिवळट आणि माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. खरं म्हणजे ती दातांनी चावत नाही, डोक्याच्या मागचे पहिले दोन पायच विषाच्या नांग्या झालेले असतात, ते रुतवते. दोन बारीक लाल ठिपके, बाकी काही नाही, पण कळ जी चढली ती खांद्यापर्यंत. सासूबाईंनी कांदा चोळला, ह्यांनी गाडी काढली, डॉक्टरांनी जखम साबणाने धुवून घेतली, दुखायचं इंजेक्शन दिलं, धनुर्वाताचं दिलं आणि सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसायला सांगितलं. त्या गरम पाण्यानेच काय तो आराम पडला. पहाटे चारपर्यंत मी पडवीत बादलीत हात घालून बसले होते. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं, पण लहान मूल असेल, श्वास लागत असेल, अंगावर गांधी उठत असतील तर एक मिनिट थांबायचं नाही, थेट डॉक्टर. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्यानंतर वर्षभर मी दिसेल ती गोम मारली. चप्पल, झाडू, उकळतं पाणी, काय हाताला येईल ते. आणि ती पटकन मरतही नाही, दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे वळवळत राहतात, ते बघवत नाही. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती, डोळ्यांनी तेव्हा बघितली.

मग पुढच्या पावसाळ्यात काय झालं, तुळशीच्या मागे एक फुटका चिरा पडला होता, तो उचलला. खाली ओल्या मातीत वाटीएवढा खळगा आणि त्यात एक घोण गोल वेटोळं करून पडलेली. मी दचकून मागे सरकले, ती नाही हलली. एरवी उजेड पडला की ही जात क्षणात गायब होते. नीट वाकून बघितलं तर तिच्या सगळ्या पायांच्या मध्ये पिवळसर अंड्यांचा पुंजका, साबुदाण्यासारखा, तो तिने जमिनीला टेकू दिला नव्हता, पायांवरच उचलून धरला होता. पाऊस भुरभुरत होता, तिच्या पाठीवर थेंब पडत होते आणि ती फक्त मिशा हलवत होती. नंतर वाचलं की या जातीच्या आया पिल्लं बाहेर पडून हिंडायला लागेपर्यंत अशाच बसून राहतात, अंडी चाटून पुसून बुरशीपासून वाचवतात, पण फार डिवचलं तर अंडी टाकून जातात किंवा स्वतःच खाऊन टाकतात. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, तरी मी तो चिरा दोन्ही हातांनी हळूहळू खाली ठेवला, एका बाजूला छोटा दगड लावून, म्हणजे तिच्यावर भार यायला नको. झाडू शेजारीच पडला होता माझा. तो मारावासा वाटलाच नाही, आणि ज्या अंगठ्याला ती कळ आली होती त्याच हाताने मी तिचं छप्पर बंद करत होते हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून बरणी. काचेची नाही, प्लास्टिकची रुंद तोंडाची, वरून पालथी घालायची, खालून कालनिर्णयचं जुनं पान सरकवायचं, उलटी करायची, झाकण. मग बॅटरी घेऊन पोफळीच्या पार टोकाला. आमचा मुलगा आता तिचे पाय मोजायला थांबवतो, शतपद नाव शाळेत शिकलाय ना. नेमके शंभर कधीच भरत नाहीत, कारण त्याला पन्नास जोड्या लागतील आणि पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, आमच्या घोणीच्या एकवीस, काही जातींच्या पंधरा आणि बारीक दोऱ्यासारख्या काहींच्या तर १९१ पर्यंत.

पंधरावरून आठवलं, माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्या बेसमेंटमध्ये लांब लांब पायांची गोम निघते, पळते तर अशी की नजर ठरत नाही. ती मूळची भूमध्य समुद्राकडची, माणसांच्या सामानाबरोबर जगभर गेली. पहिल्या वर्षी वहिनी वहिनी करत मला रात्रीबेरात्री व्हिडिओ कॉल करायची, रडायची. हळूहळू कळलं की ती माणसाला सहसा चावत नाही, चावली तरी फारसं काही होत नाही, आणि झुरळं, कसर, कोळी, ढेकूण सगळं खाते. आता नणंद म्हणते बेसमेंटमध्ये राहू दे, पण जिन्याच्या वर आली तर मी तिला सोडणार नाही. मला हे अगदी पटतं. आपल्या घरात कुठपर्यंत चालेल ही रेघ ज्याची त्याने मारायची, आणि ज्याला ती उंबऱ्याबाहेरच हवी त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

माझीही रेघ आहे. गेल्या जुलैमध्ये भाचीच्या गादीवर, तिच्या मानेपासून हातभर अंतरावर एक निघाली. भाची दीड वर्षाची. मी बरणी शोधायला गेले नाही, सांडशी हाताशी होती, तिथेच मारली. परत तसं झालं तर परत मारेन. पण त्या रात्री फरशी पुसताना वाईट वाटलं हेही खरं आहे, आणि ही दोन्ही उत्तरं माझीच आहेत, म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मला पटकन एक सांगता येत नाही.

कानात शिरते का हे पण सगळे विचारतात. माझी आजी आम्हा मुलांना खाली झोपवताना कानावरून फडकं बांधायची. आमच्या घरात आजवर कोणाच्या कानात गेलेली नाही. तरी पावसाळ्यात मी कोणालाच जमिनीवर गादी घालून देत नाही, सगळ्यांना पलंग, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून.

बूट घालायच्या आधी झटका. अंधारात मोरीत अनवाणी जाऊ नका, लाइट लावा, एक क्षण थांबा, बहुतेक वेळा ती स्वतःच जाळीकडे पळते. नाही गेली तर हाक मारा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी चालेल. बरणी दाराच्या मागेच असते, मी येते.